फुलाचा चौकोन



आपल्या कोल्हापूर भागात जुने लुगडे कोणी टाकून देत नाही. त्यातले धड तुकडे निवडायचे, एकावर एक पसरायचे, कडेला रंगीत पट्टी लावायची आणि धावदोरा घालून वाकळ शिवायची, ही आपली रीत. आजी जाते, पण तिच्या हातची वाकळ नातवंडांच्या अंगावर राहते. आज मी जे काम सांगणार आहे ते या वाकळीच्याच नात्यातले आहे. कापडाऐवजी लोकर घ्यायची आणि शिवायच्या सुईऐवजी क्रोशाची, म्हणजे टोकाला आकडा असलेली सुई. उरल्यासुरल्या लोकरीचे लहान लहान चौकोन विणायचे, प्रत्येकाच्या मध्यावर एक फूल काढायचे, आणि पुरेसे चौकोन जमले की ते जोडून दुलई करायची.

क्रोशा हा शब्द मूळचा फ्रेंच. त्याचा अर्थ लहानसा आकडा, एवढाच. या चौकोनाला इंग्रजीत ‘ग्रॅनी स्क्वेअर’ म्हणतात, म्हणजे आजीचा चौकोन. अमेरिकेत शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या ‘प्रेअरी फार्मर’ या नियतकालिकात १८८५ साली असा एक चौकोन छापून आला होता. तेव्हा हे काम बंगल्यातल्या बायकांचे, आपले नव्हे, असे कोणी समजू नये. शेतकऱ्याच्या घरातही ते फार पूर्वीपासून चालत आले आहे.

तुम्ही म्हणाल, बाई, भांगलणीहून यायचे, जनावरांचे बघायचे, भाकऱ्या थापायच्या, त्यात विणायला वेळ कुठला? अगदी खरे आहे. आणि म्हणूनच मी मोठी शाल न सांगता चौकोन सांगते आहे. मोठे काम अर्धवट राहिले की ते ट्रंकेत जाते आणि तिथेच राहते. चौकोन तळहाताएवढा असतो, म्हणून तो पुरा होतो. पिशवीत घालून कुठेही नेता येतो, एस. टी. ची वाट पाहताना एक फेरी, दूध तापेपर्यंत दुसरी. तुकड्या-तुकड्याने मिळणाऱ्या वेळात तुकड्या-तुकड्यानेच होणारे काम हवे.

आता सुई हातात घ्या. पुस्तिका समोर ठेवून एक वाक्य वाचा, तेवढेच विणा, मग पुढचे वाचा. साडेतीन मिलिमीटरची क्रोशाची सुई आणि मध्यम जाडीची लोकर पुरे. रंग चार घेऊ: फुलाच्या मध्याला पिवळा, पाकळ्यांना लाल, पानांसाठी हिरवा आणि बाहेर पांढरा. घरात दुसरे रंग असतील तर तेच घ्या; विकत आणण्याची घाई नको. फक्त सगळ्या लोकरीची जाडी सारखी असू द्या.

टाके दोनच आहेत. पहिला साखळी. लोकरीच्या टोकाशी सरकती गाठ घालून तो फास सुईवर घ्या. आकड्यात लोकर अडकवून फासातून ओढली की एक साखळी झाली. दुसरा टाका खांब. सुईवर लोकरीचा एक वेढा घ्या, जिथे विणायचे तिथे सुई घाला, लोकर ओढून वर आणा. आता सुईवर तीन फास दिसतील. लोकर घेऊन दोन फासांतून काढा, दोन उरले. पुन्हा लोकर घेऊन त्या दोघांतून काढा; एक उरला. हा झाला खांब. शिवाय फेरी पुरी करताना जोड द्यावा लागतो. त्यासाठी जोडायच्या जागी सुई घालायची, लोकर घेऊन ती त्या जागेतून आणि सुईवरच्या फासातून एकदमच पार काढायची. याला आपण जोडटाका म्हणू.

पहिली फेरी पिवळी. सहा साखळ्या घाला आणि पहिल्या साखळीत जोडटाका घेऊन त्यांचे कडे करा. आता चार साखळ्या घाला. त्यांतल्या तीन म्हणजे आपला पहिला खांब, आणि चौथी त्याच्यापुढची मोकळी जागा. मग कड्यात एक खांब, एक साखळी. पुन्हा एक खांब, एक साखळी. असे सात वेळा करा. शेवटी, सुरुवातीच्या चार साखळ्यांतल्या तिसरीत जोडटाका घ्या. मोजून पाहा: आठ खांब आणि त्यांच्यामध्ये आठ मोकळी घरे. नऊ आली किंवा सात आली तर पुढे जाऊ नका. लोकर चार बोटे ठेवून तोडा आणि टोक फासातून ओढून घ्या.

दुसरी फेरी पाकळ्यांची. लाल लोकर कोणत्याही एका घरात जोडा. येथे खांब अपुरा ठेवायचा आहे. अपुरा म्हणजे काय, तर शेवटचे दोन फास सोडवण्याआधीच थांबायचे. पहिल्या पाकळीसाठी तीन साखळ्या घाला; तो झाला एक खांब. त्याच घरात दोन अपुरे खांब घ्या. सुईवर तीन फास होतील. लोकर घेऊन तिन्हींतून एकदम काढा. बघा, तळाशी फुगीर आणि वर निमुळती पाकळी झाली! आता तीन साखळ्या घाला. पुढच्या प्रत्येक घरात तीन अपुरे खांब घ्या, सुईवर चार फास होतील, ते एकदम मिटवा आणि तीन साखळ्या घाला. आठ पाकळ्या झाल्या की शेवटच्या तीन साखळ्या घालून पहिल्या पाकळीच्या टोकाशी जोडा. लाल लोकरही तशीच तोडा.

येथवर आपले काम गोल आहे. या गोलाला कोपरे काढायचे, हीच या चौकोनाची खरी कळ आहे.

तिसरी फेरी हिरवी. दोन पाकळ्यांमध्ये तीन साखळ्यांची जी कमान आहे, त्यांतल्या कोणत्याही एका कमानीत हिरवी लोकर जोडा. हा आपला पहिला कोपरा. तीन साखळ्या आणि दोन खांब मिळून तीन खांबांचा एक झुपका होईल. मग दोन साखळ्या. मग त्याच कमानीत आणखी तीन खांबांचा झुपका. शेजारच्या कमानीत मात्र एकच झुपका, तीन खांबांचा. त्याच्यापुढच्या कमानीत पुन्हा कोपरा. असे एकाआड एक. दोन झुपक्यांच्या मध्ये साखळी घालायची नाही. दोन साखळ्या फक्त कोपऱ्यात. फेरी जोडली की चार कोपरे आणि बारा झुपके मोजा, आणि लोकर तोडा.

चौथी आणि पाचवी फेरी पांढरी. आता नवीन काही नाही. कोपऱ्यातल्या दोन साखळ्यांच्या जागेत पांढरी लोकर जोडून तिथे झुपका, दोन साखळ्या, झुपका. आणि बाजूला झुपक्या-झुपक्यांच्या मधल्या प्रत्येक फटीत एक झुपका. चौथी फेरी पुरी झाली की जोडटाक्याने शेजारच्या खांबांच्या डोक्यावरून सरकत कोपऱ्याच्या जागेत या आणि तिथून पाचवी सुरू करा. चौथ्या फेरीत सोळा झुपके होतील, पाचवीत वीस. साधारण चार इंचांचा चौकोन तयार होईल; कोणाचा हात घट्ट, कोणाचा सैल, त्याप्रमाणे थोडे कमीजास्त. सुटी टोके मोठ्या नेढ्याच्या सुईत ओवून उलट्या बाजूने टाक्यांत लपवा. हा कंटाळा केला तर पहिल्याच धुण्यात फूल उसवते.

मी पहिल्यांदा हा चौकोन विणला तेव्हा कोपऱ्यात दोन झुपके घालायचे विसरून एकेकच घालत गेले. काम आत वळू लागले, तरी मी आपली विणतेच आहे. शेजारच्या आक्कांनी ते उचलून मुठीवर ठेवले आणि म्हणाल्या, “चौकोन कराय बसलीस आणि टोपडं झालं की गं!” तेव्हापासून मी एक खूणगाठ बांधली आहे. काम वाटीसारखे आत वळले तर टाके कमी पडले आहेत, कोपरा तपासावा. झालरीसारखे लहरू लागले तर टाके जास्त झाले आहेत. बाजूच्या फटीत कुठेतरी दोन झुपके पडले असतील. सुई काढा, ओढा, चुकीपर्यंत उसवा. कापड चुकीचे कापले तर गेले. लोकर उसवली तर जशीच्या तशी हातात येते.

कोपऱ्याचे महत्त्व आपल्या शेजारीही ओळखले गेले आहे. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूर भागात सिद्दी समाजाच्या स्त्रिया जुन्या कपड्यांची गोधडी शिवतात. तिला कवंदी म्हणतात. तिच्या कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची ‘फुले’ बसवल्याशिवाय ती पुरी झाली असे त्या मानत नाहीत. कोपरा नीट साधला की काम साधले, हे त्यांच्याही हातांना ठाऊक आहे.

शिक्षक मित्रहो, आता तुमच्यासाठी थोडेसे. कार्यानुभवाच्या तासाला हे काम जरूर घ्या, आणि मुलगे-मुली असा भेद करू नका. तालमीत जाणाऱ्या मुलाच्या बोटांनाही आकडा धरता येतो. यात गणितही आहे. तिसऱ्या फेरीत बारा झुपके, चौथीत सोळा, पाचवीत वीस. मग दहाव्या फेरीत किती? मुलांना आधी विचारा, मग विणून पडताळू द्या. फेरीचा आकडा गुणिले चार, हे सूत्र ती स्वतःच शोधून काढतील. आणि दर फेरीत चारच का वाढतात, असे विचारलेत तर ती कोपऱ्यांकडे बोट दाखवतील. फळ्यावरचे सूत्र असे बोटांत उतरले की विसरत नाही.

वर्गातल्या प्रत्येकाने एकच चौकोन करावा. शेवटची फेरी सगळ्यांची एका रंगाची ठेवली की आतले रंग कितीही वेगळे असोत, जोडल्यावर ते एका घरचे दिसतात. चेन्नई येथे ३१ जानेवारी २०१६ रोजी ठिकठिकाणच्या स्त्रियांनी विणलेले तुकडे जोडून अकरा हजार चौरस मीटरहून मोठी क्रोशाची चादर मांडण्यात आली आणि तिची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. आपल्याला विक्रम नको. वर्गाची एक दुलई झाली आणि ती गावातल्या अंगणवाडीत गेली, तरी पुष्कळ झाले.

शेवटी एक गोष्ट सांगायची आहे आणि ती मनापासून सांगते. आपल्या जवळच्या इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला, आणि पुढे ते गाव मागांचेच झाले. मागावर कापडाचे ठाणच्या ठाण निघते. पण हा फुलाचा चौकोन मागावर निघत नाही. यंत्रावर निघते ती क्रोशासारखी दिसणारी लेस. बाजारात क्रोशाची खरी वस्तू दिसली, तर ती कोणाच्या तरी हातांनी टाका-टाका करून विणलेली आहे, हे ओळखा.

आता नरसापूरची हकीकत ऐका. आंध्र प्रदेशात, गोदावरी जिथे समुद्राला मिळते त्या भागातले हे गाव. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनऱ्यांकडून क्रोशाचे काम तिथल्या स्त्रियांच्या हाती आले आणि पुढे त्यांची लेस परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन विदुषींनी तिथे राहून अभ्यास केला आणि १९८२ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना काय दिसले? बायका तासन् तास विणत होत्या, व्यापारी मोठे होत होते, आणि विणणाऱ्यांच्या हातात मात्र अगदी तुटपुंजे पैसे पडत होते. कारण, त्या घरी बसून फावल्या वेळात विणतात, असे सगळे म्हणत. तिला कामकरीण कोणी म्हणतच नव्हते. २०२४ साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या गुळाला आणि कोल्हापुरी चपलेला आहे तेच हे मानांकन. नाव झाले, आनंद आहे. पण नावाबरोबर दामही विणणारीपर्यंत पोचला पाहिजे.

म्हणून आपण आपला हिशेब मांडू. बाळाची दुलई तीन फूट लांब, तीन फूट रुंद. चार इंचांचे चौकोन म्हणजे नऊ ओळी, ओळीत नऊ. एकूण ८१ चौकोन. हात बसल्यावर एका चौकोनाला ४० मिनिटे धरा. ८१ गुणिले ४० म्हणजे ३२४० मिनिटे, म्हणजे ५४ तास. जोडायला आणि कडेला आणखी सहा तास धरले, तर ६० तास झाले. रोज आठ तास काम केले असते तर साडेसात दिवसांची मजुरी! ही दुलई नातवाला द्या, लेकीला द्या. प्रेमाच्या देण्याचा हिशेब कोणी मांडत नाही. पण विकायची वेळ आली आणि कोणी म्हणाले, “घरात बसून केलंय, कशाला एवढे पैसे?” तर हा कागद पुढे करा.

वाकळ शिवणाऱ्या आपल्या आज्यांनी तास मोजले नाहीत, आणि कोणी त्यांना विचारलेही नाही. आपण चौकोनाचे खांब मोजायला शिकतो आहोत, तर तासही मोजायला शिकू या. आज मात्र एवढेच करा: सहा साखळ्या घाला आणि त्यांचे कडे जोडा. पाकळ्या उद्या.