बैठकीतला अनपेक्षित पाहुणा



कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत गाण्यावर बोलायचे आमंत्रण आले, तेव्हा घरच्या मंडळींनी मला विचारले, ‘तिथे यंत्रांच्या आवाजात तुमचे कोण ऐकणार?’ मी म्हटले, ज्यांना यंत्राच्या आवाजातला फरक दुरून कळतो, त्यांच्याइतके तयार कान कुठे मिळणार? बेअरिंग बिघडले की डोळ्यांआधी कानाला समजते. असा माणूस तंबोऱ्याची तार उतरली तर ओळखणार नाही, हे मला पटत नाही. तुमच्या वसाहतीचे पाच तारे रस्ते, पाणी, वीज अशा सोयींचे आहेत. गाण्यासाठी त्यांत तारा ठेवलेला नाही. असो.

मला आज बोलायचे आहे ते बैठकीच्या गाण्याविषयी. आणि त्यातही, श्रोत्याने मागितले नव्हते, अपेक्षिले नव्हते, असे काही जेव्हा गवई समोर ठेवतो, त्याविषयी.

हा विषय तुम्हांला परका नाही. कागलच्या घाटगे घराण्यातला मुलगा १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि शाहू छत्रपती झाला. त्यांनी १८९५च्या सुमारास अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी ठेवून घेतले. खाँसाहेबांचा जन्म १८५५चा, राजपुतान्यातला. तरुणपणी एका संस्थानात गाऊन गाऊन त्यांचा आवाज बसला. पुढे तो आला, पण पहिल्यासारखा आला नाही. ज्या गळ्यावर पूर्वीची गायकी उभी होती तो गळाच राहिला नाही, तेव्हा त्यांनी आहे त्या आवाजाला साजेल अशी नवी गायकी घडवली. ओतकाम करणारांना हे निराळे समजवायला नको. भट्टीतून निघालेला माल मनासारखा उतरला नाही, तर तो पुन्हा वितळवतात आणि साचा बदलतात.

या गायकीचे एक लक्षण म्हणजे अनवट राग. खोकर, सावनी, नट-कामोद, बसंती केदार, रायसा कानडा. नावे ऐकूनच सामान्य श्रोता बिचकतो. पण यातली गंमत एका उदाहरणाने सांगतो. मालकंस तुम्ही ऐकलेला असेल. त्यात सूर पाचच. रिषभ आणि पंचम वर्ज्य. श्रोता त्या पाच सुरांच्या घरात निवांत बसलेला असतो. खाँसाहेबांच्या परंपरेत संपूर्ण मालकंस गातात, त्यात हे दोन्ही सूर येतात. ज्या दाराला कायमचे कुलूप आहे असे आपण धरून चाललो, ते दार हलकेच उघडून पंचम आत येतो. घर तेच, माणसे तीच, पण बसण्याची सगळी व्यवस्था बदलते. दचकवणे हा त्याचा हेतू नसतो. ‘हा पाहुणा इतके दिवस कुठे होता?’ असे वाटायला लावणे, हा असतो.

असले गाणे ऐकायला श्रोता हवा, आणि तो कोल्हापूरने तयार केला. १८८३ सालापासूनचा देवल क्लब आहे. गोविंदराव टेंब्यांसारखा पेटीवाला आणि जाणकार याच मातीतला. खाँसाहेबांचे चरित्र त्यांनीच लिहिले. खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जीखाँ अंबाबाईच्या देवळात गायनसेवा करीत. मुसलमान गवयाची ही सेवा गावाला इतकी अंगवळणी पडली होती की तिच्यात काही नवल आहे हे परगावच्या माणसालाच सुचावे! धारवाडकडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांनी आधी खाँसाहेबांचे मधले चिरंजीव मंजीखाँ यांच्याकडे आणि त्यांच्यामागून भुर्जीखाँकडे विद्या घेतली, आणि १९९२पर्यंत हे अनवट राग देशभर गाइले.

याच शाहू महाराजांनी खासबागेचे कुस्तीचे मैदान बांधले. आता मला सांगा, खासबागेत बसून पैलवानाला कोणी चिठ्ठी पाठवतो का, की ‘आज फक्त ढाकच मारा, आम्हांला तेवढीच ठाऊक आहे’? उलट न पाहिलेला डाव पडला की मैदान उठून उभे राहते. गाण्याच्या बैठकीत मात्र आम्ही चिठ्ठ्या पाठवतो.

‘आम्ही’ म्हणालो ते जाणूनबुजून. पंचवीसएक वर्षांपूर्वी एका छोट्या गावी, वीस-पंचवीस माणसांत, एक वयस्क गायिका खोकर गात होत्या. विलंबित त्रिताल, ठेका इतका शांत की तबलजीही विचार करतोय असे वाटावे. मला काही उमजेना. अर्ध्या तासाने मी कागदाच्या कपट्यावर एका नाट्यगीताचे नाव लिहिले आणि पुढे सरकवले. बाईंनी चष्मा लावून वाचले, हसल्या, दोन-चार तानांत राग आवरता घेतला आणि माझे पद म्हटले. टाळ्या पडल्या. मला मोठी धन्यता वाटली. बाहेर चपला शोधत होतो, तोच एका म्हाताऱ्याने मला हटकले. ‘चिठ्ठी तुझी व्हय रं?’ मी ऐटीत हो म्हटले. तो म्हणाला, ‘तीस वर्सानं कानावर पडत हुता त्यो राग,’ आणि काठी टेकीत निघून गेला. त्या बाई पुढे दोन वर्षांत वारल्या. त्यांचा खोकर मी अर्धाच ऐकला, आणि माझ्यामुळे त्या वीस-पंचवीस जणांनीही.

चिठ्ठी ही आपल्याकडचीच खोड, असे मात्र समजू नका. युरोपातही दिवाणखान्यातले संगीत आहे. दोन व्हायोलिने, एक व्हिओला, एक चेलो, असे चौघे वाजवतात. हायडन हा त्यातला थोर वडीलधारा. राजेरजवाड्यांच्या पदरी असलेला, म्हणजे आपल्या खाँसाहेबांसारखाच. त्याने १७८१ साली एक चौकडी अशी रचली की शेवटी वादक थांबतात, पुन्हा वाजवतात, पुन्हा थांबतात. टाळी कधी द्यावी हे श्रोत्याला कळेचना! हा गमतीचा भाग झाला. बेथोव्हेनचे प्रकरण गंभीर आहे. १८२६च्या मार्चमध्ये व्हिएन्नात त्याची नवी चौकडी वाजली. मधले सोपे भाग लोकांनी पुन्हा वाजवून घेतले. शेवटचा प्रचंड, अवघड भाग कोणाच्या पचनी पडला नाही. प्रकाशकाने गळ घातली आणि बेथोव्हेनने त्या जागी दुसरा, हलका शेवट लिहून दिला. काढलेला भाग स्वतंत्र छापला गेला. तो आज जगभर आदराने वाजवतात. ती चिठ्ठी निदान परत घेता आली. कागदावर लिहिलेले संगीत वाट पाहू शकते. आपले गाणे गळ्यात असते, आणि गळ्याबरोबर जाते.

त्याच चौकडीतला एक संथ भाग १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात पाठवला. सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर जगातल्या संगीताचे सत्तावीस तुकडे आहेत. हा अगदी शेवटचा. आणि त्याच्या आधी, एकच तुकडा सोडून, आपल्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. केसरबाई म्हणजे अल्लादियाखाँसाहेबांची पट्टशिष्या. भैरवी, एका अंध निग्रो गायकाचे शब्दांवाचूनचे गुणगुणणे, आणि मग बेथोव्हेन! असा कार्यक्रम इथल्या कोणी छापला असता, तर कार्यकारिणीने त्याला वेड्यात काढले असते. दुसरे यान सप्टेंबरच्या ५ तारखेला सुटले. १६ तारखेला केसरबाई गेल्या.

आता माझी मागणी. संध्याकाळच्या जलशांमुळे सकाळचे राग कानांआड होत चालले आहेत. पूर्वी रात्रभर बैठक चाले आणि पहाटे ललत, भैरव आपोआप येत. २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचा ध्वनिक्षेपक बंद झाला. ते ठीकच झाले. झोपणाऱ्यालाही हक्क आहे. पण बंद खोलीत, ध्वनिक्षेपकावाचून, चाळीस माणसांपुढे गाणाऱ्याला तो नियम आडवा येत नाही. आणि जागी चाळीस माणसे पहाटे कुठे मिळतील? तुमच्या रात्रपाळीत.

या उन्हाळ्यात साप्ताहिक सुट्टीच्या सकाळी, रात्रपाळी सुटली की, एखाद्या कारखान्याच्या उपाहारगृहात सतरंजी टाका. पत्रा तापायच्या आत दोन तास मिळतात. गवयाला कोणता राग गाणार हे विचारू नका, पत्रिकेतही छापू नका. शिवमत भैरव येईल, बहादुरी तोडी येईल. कदाचित खट येईल, सहा रागांचा मिळून झाला म्हणून ज्याला षट्, खट म्हणतात तो. कोणाला डुलकी लागली तर लागू द्या. आठ तास भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस आहे तो. चहा आधी द्या, मध्ये नको. कपांचा आवाज होतो.

आणि दाराशी एक माणूस बसवा, जो आत जाणाऱ्यांच्या खिशातले पेन काढून घेईल. पहिल्या बैठकीला ते काम मी करीन.