जिभेला वळण लावता येतं

 

दर वेळी आपण हप्ते, व्याज, कर्ज यांवर बोलतो. आज बोलू जिभेवर. घरात भांडणं होतात ती बोलणाऱ्या जिभेमुळे आणि खाणाऱ्या जिभेमुळे. बोलणारीचं काय करायचं ते ज्याचं त्यानं बघावं. आपण खाणारीकडे वळू.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. घाटावरची पोरगी तिकडे सून होऊन गेली, की पहिल्या दिवशी तिला बोअरचं पाणी घशाखाली उतरत नाही. सासरच्यांना मात्र त्या पाण्यात काहीच वेगळं लागत नाही. वर्ष गेलं की सुनेलाही लागेनासं होतं. पाणी तेच, खारही तेवढाच, फक्त जीभ सरावली. पण जिभेला लागत नाही म्हणून खार पोटात जायचा थांबत नाही. आपल्या भाजीतल्या मिठाचं आणि तेलाचंही असंच होतं.

जिभेला चव कळते कशी, ते आधी बघू. आरशासमोर जीभ बाहेर काढा. बारीक बारीक दाणे दिसतील. त्यातल्या बऱ्याच दाण्यांच्या आत डोळ्याला न दिसणाऱ्या रुचिकलिका असतात. एका माणसाच्या तोंडात त्या काही हजार असतात. रुचिकलिका म्हणजे लसणाचा बारीक गड्डा समजा. गड्ड्यात पाकळ्या, तशा हिच्यात ५० ते १०० पेशी दाटीनं बसलेल्या असतात. वरच्या टोकाला छिद्र असतं. खाल्लेला पदार्थ लाळेत विरघळतो, त्या छिद्रातून पेशींपर्यंत पोचतो, आणि पेशी मेंदूला निरोप धाडतात.

हे गटाच्या बैठकीत करून बघा. स्वच्छ फडक्यानं जीभ कोरडी पुसा आणि वर साखरेचे चार दाणे ठेवा. क्षणभर काहीच लागणार नाही. लाळ सुटली की गोड लागेल. दुसरा प्रयोग. डोळे मिटून, नाक दाबून बडीशेप चावा. नुसतं गोडसर काहीतरी लागेल. नाक सोडलं, की लगेच बडीशेप ओळखू येईल. ज्याला आपण चव म्हणतो, त्यात नाकाचा वाटा फार मोठा आहे. सर्दीत जेवण मातीसारखं लागतं ते यामुळेच.

जिभेच्या पेशी पाच चवी ओळखतात. गोड, खारट, आंबट, कडू, आणि पाचवी मटणाच्या रश्श्यात, पिकल्या टमाट्यात असते ती. ही पाचवी जपानच्या इकेदा नावाच्या शास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये शोधली आणि तिला उमामी नाव दिलं. काहींनी शाळेच्या पुस्तकात जिभेचा नकाशा पाहिला असेल, शेंड्याला गोड आणि मागं कडू. तो नकाशा चुकीचा आहे. शेंड्यावर मीठ ठेवून बघा, खारट लागतंच. आणि आपलं वऱ्हाडी तिखट? ती या पेशींची चव नाही. मिरची लागते ती भाजल्याचा चटका कळवणाऱ्या नसांना. म्हणून तर ठेचा करताना हातही जळजळतात, आणि हाताला काही रुचिकलिका नसतात.

आता तेलाकडे येऊ. तेल फक्त बुळबुळीत लागतं, वासानं कळतं, त्याला स्वतःची चव नाही, असं बरीच वर्षं मानलं जायचं. २००५ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांना उंदीरवर्गी प्राण्यांच्या चवीच्या पेशींवर सीडी ३६ नावाचं प्रथिन सापडलं. हे प्रथिन मेदाम्लं पकडतं. मेदाम्लं म्हणजे तेला-तुपातून सुटणारे बारीक घटक. ज्या उंदरांत हे प्रथिन नव्हतं, त्यांची तेलकट खाण्याची ओढ गेली. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस इथं माणसांवर असाच अभ्यास झाला. हे प्रथिन ज्यांच्यात जास्त तयार होतं, त्यांना थोडंसं तेलही चटकन कळलं. ज्यांच्यात कमी, त्यांना कळायला जास्त तेल लागलं. म्हणजे एकाच कढईतली भाजी एकीला तेलकट आणि दुसरीला कोरडी लागू शकते. दोघीही खोटं बोलत नसतात.

मेदाम्लाची चव लागते तरी कशी? ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. जुने शेंगदाणे, वाटीतलं जुनं खोबरं, दिवाळीनंतर उरलेला चिवडा. खवट! तेल जुनं होतं, पुन्हा पुन्हा तापतं, तेव्हा त्यातली मेदाम्लं मोकळी सुटतात आणि जीभ तोंड वाकडं करायला लावते. तो इशारा असतो. ज्या गटांचा शेव-चिवड्याचा धंदा आहे, त्यांनी तो ऐकावा. उरलेल्या तळणीत नवं तेल ओतून भागवू नका. गिऱ्हाईक एकदा फसतं, दुसऱ्यांदा येत नाही.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. जिभेच्या पेशी जन्मभर त्याच राहत नाहीत. साधारण दहा ते पंधरा दिवसांत जुन्या मरतात, नव्या येतात. मेंदूची सवयही बदलते. ऑस्ट्रेलियात काही लोकांना चार आठवडे कमी तेला-तुपाचं जेवण दिलं. त्यांना आधीपेक्षा कमी तेलही कळायला लागलं. मिठाचंही तसंच. दोन-तीन महिने थोडं कमी खाल्लं, की जुन्या मापाची भाजी खारट लागते. खारपाण्याला सरावलेली जीभ पुन्हा गोड्या पाण्यावर येते, तशीच ही.

बायांनो, घराचं माप ठरतं ते चमचा धरणाऱ्या हातावर. स्वयंपाक करणारीच्या जिभेला तर्री आल्याशिवाय भाजी झाली असं वाटत नसेल, तर सगळ्या घराला तर्री. लेकरांची जीभ त्याच मापावर घडते. आणि सगळे जेवल्यावर कढईतला उरलेला तेलाचा तवंग भाकरीनं पुसून खाते ती आपणच. आरोग्य शिबिरात रक्तदाब मोजायच्या रांगेतही मग आपणच असतो.

तेल वाईट नाही, हे नीट ऐका. ते बंद करायचं नाही. काही जीवनसत्त्वं तेलाशिवाय अंगी लागत नाहीत. लहान लेकराच्या घासात आणि वाळलेल्या बाईच्या ताटात तेल हवंच. प्रश्न मापाचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं बायांसाठी दिलेलं माप असं: बैठं काम करणारीला दिवसाला २० ग्रॅम, मध्यम कामाला २५, शेतात राबणारीला ३० ग्रॅम. म्हणजे चहाचे चार ते सहा चमचे. फोडणी, तळण, तूप सगळं त्यात आलं. मोठ्या पाच माणसांच्या घराला महिन्याला चार-पाच लिटर पुरतं. मीठ जागतिक आरोग्य संघटना सांगते माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चमचा. लोणचं, पापड, ठेचा धरून!

करायचं काय? एकदम अर्धं केलं तर घरात बंड होईल. पहिल्या पंधरवड्यात रोजच्या तेलातला एक चमचा काढा. बरणीतून धार सोडू नका, चमच्यानं मोजून घाला. जिभेची समजूत पडली की पुढचा चमचा. मीठही तसंच, चिमटी चिमटीनं. कमी मिठाची भाजी फिकी वाटली तर लिंबू पिळा, अंबाडी घाला, लसूण-जिरं भाजून टाका, वर तिळाची किंवा जवसाची चटणी द्या, तीही बेतानं मीठ घालून. नाकाला आणि आंबटाला काम मिळालं की मिठाची आठवण कमी होते. तळलेलं सणावाराला ठेवा. शेगावची कचोरीही खा, पण शेगावला गेल्यावर!

आणि सासूबाई भाजी अळणी म्हणाल्या तर रागावू नका. वय झालं की चव आणि वास दोन्ही मंदावतात. त्यांना ती खरंच अळणी लागते. पण त्यांच्या मापानं सगळ्यांची भाजी खारट करू नका. त्यांच्या ताटात लिंबाची फोड आणि कोथिंबीर जास्त वाढा. त्यांना रक्तदाब असेल तर मीठ किती, ते डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं महिन्याला घरात किती लिटर तेल येतं आणि खाणारी माणसं किती, हे लिहून आणा. बचतीच्या वहीत शेवटच्या पानावर टिपू. तीन महिन्यांनी तेच पान पुन्हा उघडू. तेलाचे वाचलेले पैसे त्याच वहीत जमा करता येतील.