शालेय समूहगानाचा सराव
(अर्धापूर येथील समाजमेळाव्यात केलेले भाषण)



शिवमंदिराची पूजा आणि मंगलवाद्यांची सेवा हा आपल्या गुरव समाजाचा पिढीजात वारसा आहे. सनई-चौघड्याची जागा आज बव्हंशी ध्वनिवर्धकाने घेतली असली, तरी शाळेत समूहगान शिकविणारे आपले शिक्षक तो वारसा निराळ्या रूपाने चालवू शकतात. त्यांच्यासाठी चार उपयोगाच्या गोष्टी सांगाव्यात, एवढाच आजचा हेतू.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि आपल्या मराठवाड्यात १७ सप्टेंबर, हे दिवस ठरलेले असतात. तरीही सराव पुष्कळदा आदल्या दिवशी दोन तास होतो. मुलांचे घसे बसतात आणि चुका तशाच राहतात. त्यापेक्षा पंधरवडाभर आधीपासून रोज वीस मिनिटे द्यावीत.

पहिला विचार पट्टीचा. पुरुष शिक्षक आपल्या सोयीने काळी एक धरतात; परंतु लहान मुलांचा आवाज स्त्रियांच्या आवाजाजवळचा असतो. गाण्यातील सर्वांत खालचा व सर्वांत वरचा स्वर मुलांकडून म्हणवून घ्यावा. दोन्ही सहज लागतील, तीच पट्टी खरी.

गाणे आरंभापासून अखेरपर्यंत पुनःपुन्हा म्हणणे म्हणजे सराव नव्हे. जेथे अडते ती जागा वेगळी काढावी. तिचे शब्द प्रथम टाळी देत लयीत बोलावेत, मग ती संथपणे गावी आणि शेवटी मागच्या-पुढच्या ओळींना जोडावी. मुले गात असताना शिक्षकाने गाऊ नये, ऐकावे. पेटीही थांबवावी, कारण तिच्या आवाजात चुका झाकल्या जातात. निम्म्या मुलांनी गावे व निम्म्यांनी ऐकून सांगावे, म्हणजे कान तयार होतो. राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. घड्याळ लावून पाहिल्यास लय रेंगाळली की धावली, हे मुलांनाच उमगते.

आता सर्वांत महत्त्वाचे. स्वर न लागणाऱ्या मुलाला रांगेतून काढणे, अथवा ‘तू नुसते ओठ हलव’ असे सांगणे, हा अन्याय आहे. ते वाक्य त्याच्या मनातून जन्मभर जात नाही. आपल्या गावोगावच्या भजनात नवख्याला कोणी उठवीत नाही; जाणत्या टाळकऱ्याशेजारी उभा राहून तो ऐकता ऐकता तयार होतो. शाळेतही अशा मुलाला दोन पक्क्या गळ्यांच्या मध्ये उभे करावे. त्याचा जो स्वर लागतो तोच प्रथम शिक्षकाने धरावा आणि तेथून त्याला हळूहळू वर न्यावे. बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांचा आवाज फुटू लागला, तर त्यांना ताणून गावयास लावू नये. खालच्या स्वरांतील ओळी द्याव्यात, किंवा काही काळ टाळ, खंजिरी हाती द्यावी.

पालकांनीही मुलाचा गळा गोड आहे की नाही हे विचारण्याऐवजी, तो सर्वांबरोबर गातो का, हे विचारावे. आपल्या वाडवडिलांचा चौघडा साऱ्या गावाला ऐकू जात असे. शाळेच्या गाण्यात साऱ्या वर्गाचा आवाज असला पाहिजे.