चौऱ्याहत्तर की एकवीस?

नेरवरून बोलतोय. आजची गोष्ट माझ्याच घरातली आहे.

आमच्या आईला ठिपक्यांच्या रांगोळीचा भारी नाद. ठिपके कसे, एका ओळीत, सारख्या अंतरावर. कोणता ठिपका कोणाला जोडायचा ते कळलं की चित्र तयार. मला वाटायचं, ठिपके वाचणं म्हणजे एवढंच.

मग एका भरतीच्या मेडिकलला गेलो. दीड वर्ष पहाटे अमरावती रोडला पळालो होतो. लेखी निघाली, मैदानी निघाली. डॉक्टरांनी एक पुस्तक उघडलं. पानावर एक मोठं वर्तुळ, त्यात लहानमोठे रंगीत ठिपके. "आकडा वाच." पहिल्या पानावर १२. वाचला. पुढे एका पानावर मी म्हटलं, एकवीस. मागचा पोरगा हसला. त्याला चौऱ्याहत्तर दिसत होता. त्यानंतरच्या दोन पानांवर तर मला काहीच दिसलं नाही. निकाल, अनफिट.

आईला फोन केला. ती म्हणे, "काहून रे? सुई तर तूच ओवून देतं मला!"

बरोबर आहे तिचं. नजर चांगलीच आहे, पण लाल-हिरव्यातला फरक मला नीट कळत नाही. ते पुस्तक जपानच्या शिनोबू इशिहारांचं, १९१७ सालचं. ठिपके मुद्दाम लहानमोठे, फिके-गडद ठेवलेत. म्हणजे आकार किंवा उजेडावरून अंदाज बांधता येत नाही, आकडा फक्त रंगातून दिसतो. आणि गंमत अशी की काही पानांवर चुकणाऱ्यालाही ठरलेलाच आकडा दिसतो. ७४ च्या जागी २१, तसा.

हे का होतं, ते मी आईसमोरच मोबाईलवर वाचलं, आणि तिथंच चुकलो. याचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. मुलाला एक्स आईकडूनच मिळतो. आईकडे दोन एक्स असल्यानं तिला स्वतःला सहसा काही जाणवत नाही. पण तिच्या प्रत्येक मुलाला हे येण्याची शक्यता निम्मी. म्हणून मुलींपेक्षा मुलांमध्ये हे जास्त दिसतं.

आई एवढंच बोलली, "म्हणजे माझ्यामुळं?" दोन दिवस अंगणात रांगोळी पडली नाही.

तिसऱ्या दिवशी मला मामा आठवला. झाडावरच्या लाल मिरच्या त्याला पटकन दिसत नाहीत, म्हणून आम्ही त्याला लय चिडवायचो. मी म्हटलं, "आई, हे मामालाही आहे. म्हणजे आजीकडून आलं. तिला माहीत नव्हतं, तुलाही नव्हतं. यात दोष कोणाचा?" आई थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "मामाला आता चिडवू नको."

आता कामाचं बोलू. नियम आहे म्हणून मी रडत बसलो नाही. सिग्नलचा लाल-हिरवा ओळखायचा असेल तर तपासणी हवीच. पण हे सगळ्याच कामांना लागू नाही. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये रंगांधतेमुळं एका विद्यार्थ्याला एडिटिंगला प्रवेश नाकारला होता. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, सगळे कोर्स अशा विद्यार्थ्यांना खुले करा. सौम्य ते मध्यम रंगांधता असलेल्यांना गाडीचं लायसन्स मिळावं म्हणून केंद्रानं २०२० मध्ये नियम बदलले.

मित्रांनो, भरतीची तयारी सुरू करायच्या *आधी* डोळ्यांच्या डॉक्टरकडून ही तपासणी करून घ्या. मोबाईलवरच्या टेस्टवर विसंबू नका, प्रत्येक स्क्रीनचा रंग वेगळा. जाहिरातीत रंगदृष्टीची अट कोणत्या पदाला आहे, कोणत्या नाही, ते वाचा. माझं दीड वर्ष गेलं, तुमचं जाऊ नये.

आणि एक, खास आपल्या कापसाच्या भागासाठी. फवारणीच्या डब्यावर विषारीपणाचा रंग असतो. लाल म्हणजे सगळ्यात घातक, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सगळ्यात कमी. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं किती घरं उजाडली, ते विसरू नका. माझ्यासारख्यानं लाल-हिरव्यावर भरवसा ठेवू नये. कवटीचं चिन्ह पाहा, शब्द वाचा, नाहीतर दुसऱ्याला विचारा. विचारण्यात कसली लाज?

मी आता दुसऱ्या पदाचा फॉर्म भरलाय. रंगदृष्टीची अट नाही, हे दोनदा वाचून मगच. भेटू पुढच्या भागात. घरात एखादा मामा असेल तर त्याला हा भाग नक्की पाठवा!