दुर्मिळ ग्रंथांचें गूढ

जुन्या पोथीभोवतीं भयाचें वलय असावें, ही समजूत बहुतेक सर्व देशांत आढळते. महाराष्ट्रांत अमुक पोथी सोंवळ्याशिवाय उघडूं नये, तमुक पारायण अर्धवट टाकूं नये, असें घरोघर सांगितलें जातें. युरोपांत याच भयास सैतानाचें रूप आलें. त्या रूपावर रोमान पोलान्स्की या दिग्दर्शकानें १९९९ सालीं ‘द नाइन्थ गेट’, म्हणजे ‘नववें द्वार’, हा बोलपट काढला. आर्तुरो पेरेझ-रेव्हर्ते या स्पॅनिश कादंबरीकाराच्या १९९३ मधील कादंबरीवरून तो रचलेला आहे.

कथेचा नायक कोर्सो हा जुन्या ग्रंथांचा दलाल. जॉनी डेप या नटानें तो उभा केला आहे. प्रारंभींच हा गृहस्थ एका ग्रंथप्रेमी वृद्धाच्या घरीं जातो, वारसांस संग्रहाची मोठी किंमत सांगून भुलवितो, आणि ‘डॉन किहोटे’चे अमोल खंड मातीच्या मोलानें उचलतो. म्हातारा चाकांच्या खुर्चींत बसून हें सर्व पाहत असतो. त्याची वाचा गेलेली असते. सैतानाचें नांव निघण्यापूर्वींचा हा प्रसंग पुढील साऱ्या भुताटकीपेक्षां अंगावर अधिक कांटा आणतो.

पुढें बाल्कन नांवाचा एक धनिक कोर्सोवर कामगिरी सोंपवितो. ‘छायाराज्याचीं नऊ द्वारें’ हा १६६६ सालीं व्हेनिसमध्यें छापलेला ग्रंथ त्याच्यापाशीं आहे. ग्रंथ आणि त्याचा मुद्रक, दोन्ही अर्थात् कल्पित. सैतानास पाचारण करण्याची विद्या त्यांत सांगितली असल्याची समजूत असून तो छापणारास जिवंत जाळण्यांत आलें होतें. ग्रंथाच्या तीनच प्रती उरल्या आहेत: एक बाल्कनची, दुसरी पोर्तुगालांत, तिसरी पॅरिसमध्यें. तिन्ही ताडून पाहून खरी कोणती तें कोर्सोनें ठरवावयाचें. भिंग घेऊन बसल्यावर त्यास दिसतें कीं, प्रत्येक प्रतींत चित्रें नऊच आहेत, परंतु त्यांपैकीं तीन चित्रें इतर दोन प्रतींहून किंचित् निराळीं आहेत. कोठें एका हातांतील किल्ल्या दुसऱ्या हातांत गेल्या आहेत, कोठें दुसराच एखादा बारीक तपशील पालटला आहे. अशा निराळ्या चित्रांखालीं मुद्रकाचीं आद्याक्षरें नसून भलतींच आहेत. म्हणजे कोणतीहि एक प्रत पूर्ण खरी नव्हे. खरा ग्रंथ तिहींत मिळून वांटला गेला आहे.

भयपट म्हणून पाहूं गेल्यास शेवट ढिला पडला आहे. काळे झगे घालून मंत्र म्हणणारी धनाढ्य मंडळी, हिरव्या डोळ्यांची गूढ तरुणी, आगीच्या ज्वाळा, हें सर्व पूर्वीं पुष्कळदां पाहिलेलें. परंतु एक मनुष्य तीन प्रती मांडून रेघेला रेघ लावून पाहतो, हा मधला भाग खरा आहे आणि खऱ्या अर्थानें थरारक आहे. विद्वानांच्या भाषेंत यालाच पाठचिकित्सा म्हणतात.

नरडाण्याच्या श्रोत्यास मात्र हीं सर्व पॅरिसकडचीं प्रकरणें वाटतील. ताप्ती खोऱ्याच्या लोहमार्गावरचें स्टेशन, बाजूनें जाणारा मुंबई-आग्रा रस्ता, भोंवतीं कपाशीचीं शेतें. येथें दुर्मिळ ग्रंथ कोठून यावयाचे? तथापि त्याच आग्रा रस्त्यानें दक्षिणेस गेलें कीं धुळें लागतें. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यांत देह ठेवला, आणि १९२७ सालीं त्यांच्या नांवानें तेथें संशोधन मंडळ उभें राहिलें. धुळ्याचेच वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनीं समर्थ संप्रदायाच्या पोथ्या मठामठांतून फिरून जमविल्या. त्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरांत आहेत, आणि रामदासांच्या हातचें म्हणून मानलें जाणारें वाल्मीकिरामायणहि तेथेंच आहे. डोमगांवच्या मठांतील, कल्याणस्वामींच्या हस्ताक्षरांतील दासबोधावरून देवांनीं १९०५ सालीं दासबोध छापला. तोंपर्यंत लोकांच्या हातीं असलेला दासबोध नकलेवरून नक्कल, तिजवरून आणखी नक्कल, असा उतरत आलेला होता.

कोर्सोचें भिंग या पोथ्यांवर फिरलें असतें तर त्यास सर्वप्रथम हरताळ दिसली असती. लिहितांना चूक झाली म्हणजे लेखक त्या अक्षरावर पिवळी हरताळ लावी आणि वाळल्यावर वर शुद्ध अक्षर लिही. ‘हरताळ फांसणें’ हा वाक्प्रचार तेथूनच निघाला. जेथें हरताळ आहे तेथें लेखक थांबला होता, गोंधळला होता, किंवा मागाहून कोणीं तरी त्याला दुरुस्त केलें होतें. छापील ग्रंथांत ही खूण उरत नाहीं. पोथीच्या शेवटीं लेखकाची एक विनवणीहि पुष्कळदां आढळते: तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून हिचें रक्षण करा, आणि मूर्खाच्या हातीं देऊं नका. शापवाणी कोठें कोठें असते, पण भय असतें तें पाण्याचें आणि वाळवीचें.

मराठींत खरोखर गूढ म्हणावें असें ग्रंथभांडार एकच, महानुभावांचें. या पंथानें आपले ग्रंथ सकळा, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. अक्षरें ओळखीचीं, परंतु एकाच्या जागीं दुसरें योजलेलें. किल्ली ठाऊक नसणारास पान उघडें असून बंदच. म्हाइंभटांनीं तेराव्या शतकांत संकलित केलेल्या लीळाचरित्राची मूळ प्रत चौदाव्या शतकाच्या आरंभीं धाडींत गेली, आणि शिष्यांनीं तें स्मरणानें पुन्हां उभें केलें. म्हणून त्याचे पाठ अनेक झाले. ज्यांनीं एकदां असा घाला सोसला त्यांनीं आपले ग्रंथ परक्याच्या दृष्टीआड ठेवावे, यांत सैतानी कांहींच नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं या लिपीचें कोडें उलगडलें, आणि त्यांत राजवाड्यांचा व विनायक लक्ष्मण भावे यांचा वांटा मोठा होता. नऊ द्वारें उघडल्यावर बोलपटांत जें दिसतें, त्यापेक्षां मराठीचें हें एक द्वार उघडल्यावर अधिक दिसलें: सातशें वर्षांपूर्वींचें बोलतें गद्य.

परंतु बोलपटाशीं अधिक जवळचें प्रकरण राजवाड्यांच्याच हातून घडलें. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें, म्हणजे १२९० सालीं, सिद्ध झाली. तिच्यांत शिरलेले अपपाठ काढून एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ती शुद्ध केली, आणि पुढें त्या शुद्ध प्रतीचीच परंपरा चालली. एकनाथांपूर्वींची ज्ञानेश्वरी कशी होती, हा प्रश्न त्यामुळें मोकळाच राहिला. बीडकडे मिळालेल्या एका पोथीवरून राजवाड्यांनीं १९०९ सालीं ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि ही पोथी एकनाथपूर्व आहे असें प्रतिपादिलें. तिची भाषा इतर प्रतींपेक्षां स्पष्टपणें जुनी. तिच्या आधारें त्यांनीं ज्ञानेश्वरीच्या मराठीचें व्याकरण रचलें. १९६० सालीं सरकारनें काढलेली प्रतहि याच पाठावर आधारलेली आहे. मूळ पोथी मात्र पुढें नाहींशी झाली. ती कशी गेली, याविषयीं निरनिराळ्या कथा सांगतात.

बोलपटांत बाल्कन काय करतो तें येथें आठवावें. इतर दोन मालकांचे खून पडतात, त्यांच्या प्रतींतून चित्रें फाडून घेतलीं जातात आणि उरलेला ग्रंथ आगींत जातो. नऊ चित्रें हातीं आलीं, आतां ग्रंथ कशाला हवा, असा बाल्कनचा हिशेब. आग आपणांस बाधणार नाहीं या खात्रीनें तो स्वतःस पेटवून घेतो, आणि आग बाधते. कारण नववें चित्र बनावट असतें. प्रती जाळल्या नसत्या तर तें कोणास तरी पुन्हां ताडून पाहतां आलें असतें.

राजवाडे बाल्कन नव्हेत. खेडोपाडीं दप्तरें शोधीत हिंडण्यांत ज्यानें आयुष्य वेंचलें, त्यास त्या पंगतींत बसविणें हा अन्याय होईल. तरी अभ्यासकाची अडचण दोहोंकडे एकच. राजवाड्यांचा पाठ खरा असण्याचा संभव पुष्कळ आहे. भाषेची साक्ष त्यांच्या बाजूची आहे. परंतु कागद किती जुना होता, अक्षराचें वळण कोणत्या शतकाचें होतें, एखादें जुनें रूप पोथींत होतें कीं वाचणाराच्या तर्कानें आलें, हे प्रश्न विचारावयाचे कोणास? समर्थांच्या रामायणाचें पान धुळ्यांत उघडून पाहतां येतें.

नरडाण्याच्या उत्तरेस तापी वाहते. जीर्ण पोथी नदींत सोडावी, हा आचार सर्वत्र होता, आणि ज्यांनीं ती सोडली त्यांनीं भक्तीनेंच सोडली. माळ्यावरची एखादी लाल फडक्यांतील पोथी या भागांत अजून निघते. तिच्यावर हरताळ असते, समासांत कोणीं तरी बारीक अक्षरांत कांहीं लिहिलेलें असतें, शेवटच्या पानावर लेखकाचें नांव व शक असतो. राजवाड्यांच्या ज्ञानेश्वरींत हरताळ कोठें होती, हें सांगणारें पान आज कोणाजवळ नाहीं.