शहरांना वळसा



प्रवासाला निघणारा मनुष्य घर मागें ठेवून निघतो, अशी आपली समजूत आहे. अमेरिकेंत मात्र मीं दोन वेळां घर बरोबर घेऊनच प्रवास केला. तिकडे ज्या गाडीला 'आर. व्ही.' म्हणतात, तिच्यांत चार-सहा माणसांच्या निजण्याची सोय, लहानसें स्वयंपाकघर, फ्रीज, न्हाणीघर, सर्व कांहीं असतें. माझा मुलगा न्यू जर्सींतील एडिसन येथें राहतो आणि मुलगी फ्लॉरिडांत जॅक्सनव्हिल येथें. दोहोंमधील अंतर सरळ मार्गानें सुमारें ९०० मैल. तें आम्हीं भाड्याच्या आर. व्ही.नें एकदां चुकीच्या रीतीनें आणि एकदां बऱ्याच अंशीं बरोबर रीतीनें तोडलें. ज्यांचीं मुलें-नातवंडें तिकडे आहेत अशीं घरें आतां आपल्याकडे पुष्कळ झालीं आहेत. त्यांच्या उपयोगीं पडेल म्हणून ही हकीकत सांगतों.

पहिल्या खेपेस, म्हणजे २०२३ सालीं, आम्हीं नकाशावरची सर्वांत जवळची रेघ धरली. ती रेघ म्हणजे ९५ क्रमांकाचा इंटरस्टेट महामार्ग. फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, वॉशिंग्टन, रिचमंड हीं शहरें त्याच्यावर एका दोऱ्यांत ओवल्यासारखीं आहेत. वॉशिंग्टनपाशीं आम्ही पोहोंचलों तेव्हां शुक्रवारचे दुपारचे तीन वाजले होते. पुढच्या दोन तासांत किती मैल गेलों तें सांगण्यांत अर्थ नाहीं.

माझ्या पत्नीस मधुमेह आहे. ती इन्शुलिन घेते, आणि खाण्याची वेळ टळून चालत नाहीं. कोणी म्हणेल, गाडींतच स्वयंपाकघर असतां काळजी कसली? परंतु रस्त्यावर असतांना पट्टा सोडून उठणें धोक्याचें, आणि चार रांगांच्या गर्दींत एवढें धूड बाजूला घेण्यास जागा नाहीं. डबा तिच्यापासून सहा फुटांवर होता. तिच्या कपाळावर घाम आला, बोलणें अडखळूं लागलें, तेव्हां सूनबाईनें पर्समधील ग्लुकोजच्या गोळ्या तिच्या तोंडांत घातल्या. पंधरा-वीस मिनिटांनीं ती सावरली. मी पुढच्या आसनावरून हें आरशांत पाहत होतों.

त्या रात्रीं मुलगा म्हणाला, "बाबा, पुढच्या खेपेला रस्ता तुम्ही ठरवा." वाटेंत मीं पुष्कळ सूचना केल्या होत्या, त्यामुळें हें त्यानें विश्वासानें म्हटलें कीं वैतागून, तें मला अजून उमगलेलें नाहीं. पण मीं तें काम मनावर घेतलें.

प्रथम तेथील रस्त्यांचे आंकडे समजून घेतले. १९५६ सालीं, अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या कारकीर्दींत कायदा होऊन इंटरस्टेट महामार्गांचें जाळें बांधण्यास आरंभ झाला. त्यांच्या क्रमांकांना एक शिस्त आहे. पूर्व-पश्चिम जाणारे रस्ते सम आंकड्यांचे, दक्षिणोत्तर जाणारे विषम. क्रमांक तीन आंकडी असला तर तो मुख्य रस्त्याचा फांटा. त्यांतील पहिला आंकडा सम असेल तर तो बहुधा शहराला वळसा घालतो, विषम असेल तर बहुधा शहरांत शिरून तेथेंच संपतो.

एवढें कळल्यावर मला वाटलें, काम झालें. प्रत्येक शहरापाशीं सम फांटा धरावा. मुलगा हंसला. वॉशिंग्टनपाशीं आम्ही ज्यावर अडकलों होतों तो रस्ता ४९५ क्रमांकाचा, म्हणजे वळसाच होता! १९६४ सालीं तो पुरा झाला. पुढें घरें, कचेऱ्या, दुकानें त्याच्या दोन्ही अंगांनीं वाढत गेलीं, आणि शहर टाळण्यासाठीं काढलेली वाट शहराच्या पोटांत गेली. पुण्याच्या बाह्यवळण रस्त्याचा ज्यांना अनुभव आहे त्यांना हें निराळें सांगावयास नको.

तेव्हां एकेका शहराला नव्हे, तर शहरांच्या सबंध ओळीलाच वळसा घालावा, असें मीं ठरविलें. एडिसनजवळून ७८ क्रमांकाचा रस्ता पश्चिमेस जातो आणि हॅरिसबर्गच्या अलीकडे ८१ ला मिळतो. हा ८१ डोंगरांच्या आडोशानें दक्षिणेकडे उतरतो. मेरीलंडमध्यें तो १२ मैल आणि वेस्ट व्हर्जिनियांत २६ मैल. नंतर व्हर्जिनियांतील शेनँडोआचें खोरें लागतें. एका बाजूस ब्लू रिज, दुसऱ्या बाजूस ॲलेघेनीच्या रांगा, आणि मधून रस्ता. अठराव्या शतकांत फिलाडेल्फियाकडून निघालेले जर्मन आणि स्कॉच-आयरिश वसाहतवाले आपला संसार गाड्यांत घालून याच खोऱ्यांतून दक्षिणेकडे गेले. त्यामानानें आमची गाडी फारच सुखाची. या रस्त्याचा दोष म्हणजे मालमोटारी. दोनच रांगा, आणि दोन्हींत त्याच! पण त्या चालत राहतात, शहरासारख्या थिजून उभ्या राहत नाहींत.

या मार्गानें सुमारें १०० मैल अधिक पडतात. अशी गाडी गॅलनला आठ-दहा मैलच जाते, म्हणजे दहा-बारा गॅलन पेट्रोल जास्त. मुलानें हा हिशेब मांडला, तेव्हां सूनबाईनें त्याच्याकडे नुसतें पाहिलें, आणि तो विषय तेथेंच मिटला.

रस्ता निवडतांना आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात, आणि मोटारीसाठीं केलेला फोनवरचा नकाशा त्या आपण होऊन सांगत नाहीं. पहिली गोष्ट गाडीची उंची. आमची गाडी १२ फूट उंच होती. न्यूयॉर्कच्या आसपास 'पार्कवे' नांवाचे रम्य रस्ते आहेत. ते केवळ मोटारींसाठीं बांधलेले, आणि त्यांवरील पुलांच्या कमानी कित्येक ठिकाणीं इतक्या ठेंगण्या, कीं आर. व्ही.चें छप्पर सोलून निघावें. ब्लू रिजच्या माथ्यावरून जाणाऱ्या 'स्कायलाइन ड्राइव्ह'वर एक बोगदा आहे, त्याची उंची १२ फूट ८ इंच. आठ इंचांची फट उरते, जाऊं या, असें मुलाचें म्हणणें होतें. मीं तें मान्य केलें नाहीं.

दुसरी गोष्ट स्वयंपाकाच्या गॅसची टांकी. बाल्टिमोरच्या बंदराखालील बोगद्यांतून अशी टांकी घेऊन जाण्यास मनाई आहे. पहिल्या खेपेस आम्ही म्हणून 'की ब्रिज' या लांबलचक पुलावरून गेलों होतों. २६ मार्च २०२४ च्या पहाटे एका मालवाहू जहाजाची धडक बसून तो पूल कोसळला, आणि त्यावर काम करणारे सहा मजूर मृत्यु पावले. ती बातमी वाचली तेव्हां, आम्ही त्यावरून जात असतां पत्नीनें खालचें पाणी नातवाला दाखविलें होतें, तें आठवलें. पूल पडल्यावर गॅसच्या गाड्यांना शहराच्या पश्चिमेकडून मोठा फेरा घालावा लागूं लागला. आमच्या नव्या वाटेंत बाल्टिमोर येतच नव्हतें.

शहर टाळण्याचें वेड दुसऱ्या टोकालाहि जाऊं शकतें. मुलाच्या एका मित्रानें नेव्हाडांतील ५० क्रमांकाच्या रस्त्याची फार स्तुति केली. १९८६ सालीं 'लाइफ' मासिकानें त्याला अमेरिकेंतील सर्वांत एकाकी रस्ता म्हटलें होतें. तरुणांनीं तेथें अवश्य जावें. बरोबर इन्शुलिन घेणारें माणूस असतां इतका एकांत मला नको. ८१ च्या वाटेवर विंचेस्टर, हॅरिसनबर्ग, स्टॉन्टन, रोनोक अशीं मध्यम गांवें लागत जातात. तेथें गर्दी नाहीं, पण रुग्णालय आहे, औषधाचें दुकान आहे.

मग वेळापत्रक. त्या गाड्यांतून हिंडणाऱ्या जुन्या मंडळींचा एक संकेत आहे: दिवसाला ३०० मैलांहून अधिक जाऊं नये आणि दुपारीं तीनच्या आंत मुक्कामाला पोहोंचावें. उजेडीं पोहोंचलें म्हणजे गाडी मागें घेऊन जागेवर बसवितां येते, पाणी-विजेची जोडणी नीट करतां येते. आम्हीं त्यांत एक भर घातली: बारा वाजतां जेथें असूं तेथून पुढच्या विश्रामस्थानीं थांबावयाचें, गाडी कितीहि छान चाललेली असो.

२०२५ च्या ऑक्टोबरांत गुरुवारीं निघालों. पहिला मुक्काम विंचेस्टर, दुसरा विथव्हिल. तेथून ७७ क्रमांकाचा रस्ता धरून शनिवारीं फॅन्सी गॅपचा घाट उतरलों. हा घाट धुक्यासाठीं कुप्रसिद्ध आहे. २०१३ सालीं तेथें धुक्यांत ९५ गाड्या एकमेकींवर आदळल्या होत्या. म्हणून त्या दिवशीं सकाळीं घाई केली नाहीं. ऊन स्वच्छ पडल्यावर, खालच्या गिअरमध्यें, सावकाश उतरलों, आणि जेमतेम नव्वद मैलांवर स्टेट्सव्हिल येथें थांबलों. मुलाला हा आळस वाटला. पण त्यापुढें शार्लट होतें. या मार्गावर तें मोठें शहर चुकवितां येत नाहीं. त्याची वेळ मात्र चुकवितां येते.

रविवारीं पहाटे सहाला निघालों. शार्लटपाशीं ४८५ चा सम फांटा धरला. दोन-चार मोटारींखेरीज रस्त्यावर कोणी नव्हतें. साडेसात वाजण्याच्या सुमारास दक्षिण कॅरोलिनाची हद्द लागली, आणि पुढच्या विश्रामस्थानीं गाडी उभी करून पत्नीनें थालीपिठें लावलीं. नातू डोळे चोळीत उठला आणि म्हणाला, "आजी, तें मोठें शहर कधीं येणार?"