मांजराची लव आणि कोरा कागद



मांजर घरोघरी सहज भेटते. चित्रासाठी बसण्याचे ते मानधन मागत नाही. फक्त सांगितल्या जागी बसत नाही, एवढीच अडचण. शाळकरी मूल मांजर रंगवू लागले की प्रथम ठळक बाह्यरेषा काढते, आत एक सपाट रंग भरते आणि टोकदार ब्रशाने त्यावर असंख्य काळ्या रेघा ओढते. या रेघा म्हणजे केस. “केस किती छान काढलेस!” अशी मोठ्यांची शाबासकीही मिळते. चित्रातले मांजर मात्र साळिंदराच्या कुळातले वाटते. मुलाने येथे पाहिलेले रंगवलेले नसून ठाऊक असलेले रंगवलेले असते. मांजराला केस असतात, हे त्याला माहीत असते. चार हातांवरून त्यांतला जवळजवळ एकही केस सुटा दिसत नाही, हे मात्र त्याला कुणी पाहायला लावलेले नसते.

दिसतात ते मऊ कडांचे पट्टे, कुठे उजेड, कुठे सावली. सुटा केस डोळ्यांना जाणवतो तो मोजक्या जागी: पाठीच्या कडेला, कानाच्या आत, छातीवर, किंवा पांढरा पट्टा काळ्यात शिरतो तेथे. लव रंगवणे म्हणजे बव्हंशी केस न रंगवणे होय.

यावर कोणी आल्ब्रेख्त ड्यूररच्या सशाकडे बोट दाखवील, आणि ते योग्यच ठरेल. न्यूरेंबर्गच्या या चित्रकाराने १५०२ साली जलरंग आणि अपारदर्शक रंगांत काढलेला तो ससा आज व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. चित्र जेमतेम वीतभर. पण त्यात केस आहेत, आणि पुष्कळ आहेत. मात्र ते आले शेवटी. आधी तपकिरी रंगाच्या पातळ थरांनी सशाचे अंग घडले, मग त्यावर गडद आणि फिकट बारीक रेषा आल्या. या रेषा एका दिशेने पळत नाहीत. खाली हाड किंवा स्नायू वळतो, तशी लवही वळते. पार्श्वभूमी रिकामी आहे आणि डोळ्यात खिडकीचे प्रतिबिंब आहे. केस मोजत बसणाऱ्याच्या नजरेतून हेच नेमके निसटते.

आपल्याकडेही ही परंपरा जुनी आहे. मोगल दरबारातील अबुल हसनच्या चिनार वृक्षावरील खारी याच जातीच्या निरीक्षणातून उतरल्या आहेत, आणि त्या काळचे अतिसूक्ष्म कुंचले खारीच्याच केसांचे असत. कालीघाटच्या पटकारांनी मात्र तोंडात कोळंबी धरलेले मांजर मोजक्या फटकाऱ्यांत उभे केले आणि केसांच्या भानगडीत फारसे पडलेच नाहीत. हुबेहूबपणा हा चित्रकाराने निवडलेला एक मार्ग आहे, एकमेव नव्हे. येथे पालकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. मुंगसाच्या केसांचे ब्रश बाजारात अजूनही दिसतात. त्यांचा व्यापार वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. एका प्राण्याची लव रंगवण्यासाठी दुसऱ्याचा जीव घेण्याचे कारण नाही. चांगले कृत्रिम केसांचे ब्रश शाळकरी कामाला पुरेसे होतात.

आता प्रत्यक्ष काम. पेन्सिल हाती घेण्यापूर्वी मुलाने मांजराच्या अंगावरून हात फिरवावा. नाकावरून कपाळाकडे, गालांवरून मागे, छातीवरून खाली, असा लवेचा प्रवाह तळहाताला आधी कळतो. मोबाइलवरचे छायाचित्र हे शिकवीत नाही. ते फक्त मांजर उठून गेल्यावर उपयोगी पडते.

जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. प्रकाश कुठे राखायचा, हे पहिल्या थेंबाआधी ठरवावे लागते; म्हणूनच हे माध्यम कठीण. सावळाराम हळदणकरांचे हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. कित्येक प्रेक्षक ते रविवर्म्याचे तैलचित्र समजतात. वस्तुतः ते जलरंगात आहे.

जाड, सुमारे ३०० ग्रॅमचा कागद ओला करून त्यावर सर्वांत फिका, उबदार रंग पसरावा. पुढचा क्षण मोलाचा. कागदावरची पाण्याची चमक गेलेली असते, पण हाताच्या पाठीला गारवा लागतो. याच ओलीत दुसरा, दाट रंग टेकवला की त्याची कडा आपोआप मऊ होते आणि लवेचा आभास निर्माण होतो. घाई केली तर रंग पसरून आकार जातो, उशीर केला तर कडा कडक होते. मध्य भारतातल्या मे महिन्यात ही ओल पाहता पाहता उडते. श्रावणात ती बराच वेळ टिकते. पुस्तकात दिलेली मिनिटे म्हणून कामाची नाहीत. वाळताना रंग फिका होतो, तेव्हा तो थोडा गडदच घ्यावा.

पूर्ण वाळल्यावर ब्रशाचे केस बोटांनी चपटे करून, जवळजवळ कोरड्या रंगाने, निवडक जागीच फटकारे द्यावेत. पट्टेरी मांजराच्या एकेका केसावरही गडद-फिके पट्टे असतात. म्हणून त्याचा करडा रंग सपाट राहत नाही, आणि एका डबीतून तो मिळतही नाही. काळे मांजर तर काळ्या रंगाने रंगवूच नये. निळा आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून येणारा गडदपणा जिवंत असतो. उन्हात बसलेल्या काळ्या बोक्याच्या पाठीवर तपकिरी झाक आणि आभाळाची निळाई दोन्ही दिसतात. पांढऱ्या मांजरात तेच मिश्रण अगदी पातळ करून फक्त सावली रंगवावी, मांजर कागदावर सोडावे.

मिशा सर्वांत शेवटी. प्रत्येक गालावर साधारण बारा, चार ओळींत. त्या अपारदर्शक पांढऱ्याने काढण्यात कमीपणा नाही. रेघ मुळापासून टोकाकडे, एका दमात, निमुळती होत जावी. हात थरथरला तर ती ओली असतानाच टिपून घ्यावी आणि कागद वाळल्यावर पुन्हा ओढावी.